वाचक विचारतात : डुगाँग आणि वॉम्बॅट, या जोडीत साम्य ते काय?

प्रश्न : आम्ही ब्रिस्बेनला राहतो, मुलगा सातवीत आहे. शाळेतून प्रोजेक्ट आलाय की एक समुद्रातला सस्तन प्राणी आणि एक बिळात राहणारा मार्सुपियल (पोटाला पिशवी असलेला प्राणी) यांची तुलना करा. त्याने डुगाँग आणि वॉम्बॅट घेतलेत. तक्ता करायला बसलो तर फरकाचा रकाना भरून वाहतोय आणि साम्याच्या रकान्यात 'दोघं सस्तन, दोघं गवत खातात' याच्यापुढे गाडी सरकत नाही. काहीतरी सुचवा प्लीज.
— एक आई, ब्रिस्बेन

उत्तर : ताई, पोराने जोडी झकास निवडलीय. आणि साम्याचा रकाना अजिबात रिकामा नाहीये, 'दोघं गवत खातात' ही जी ओळ तुम्ही लिहून बसलाय ना तीच घट्ट धरून ठेवा, बाकीचं सगळं तिच्यातूनच बाहेर येतं.

गवत हे खाणं म्हणून अगदी भिकार. प्रोटीन कमी, ताकद कमी, आणि जे काय थोडंफार आहे ते चिवट तंतूंमध्ये अडकलेलं, ते तंतू फोडण्याची सोय कुठल्याच सस्तन प्राण्याकडे स्वतःची नसते, त्यासाठी पोटात जंतू पाळावे लागतात. गाय-म्हैस हे जंतू पुढच्या कोठ्यात पाळते आणि मग निवांत रवंथ करत बसते. डुगाँग आणि वॉम्बॅट दोघंही रवंथ करत नाहीत, त्यांनी जंतू मागे ठेवलेत, मोठ्या आतड्यात, घोड्यासारखे. आणि त्यासाठी आतडं केवढं वाढवावं त्याला काही लिमिटच नाही. डुगाँग लांबीला साधारण 3 मीटर, पण त्याचं एकटं मोठं आतडं 25 मीटरच्या वर जातं, खाल्लेलं गवत बाहेर पडायला सहा-सात दिवस लागतात. वॉम्बॅट जेमतेम मीटरभर, त्याचं आतडं 10 मीटरच्या आसपास, आणि तिथेही गवत कित्येक दिवस मुक्कामाला असतं, थेंब थेंब पाणी आणि कण कण अन्न काढून घेतल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणजे एक समुद्राच्या तळाशी आणि एक डोंगरउतारावर, पण पोटातला कारखाना सेम.

दुसरी गोष्ट दात. गवत खाणाऱ्याचे दात झिजतात, कारण जमिनीवरच्या गवतात सिलिका असते, वर माती लागलेली असते, आणि समुद्रातलं गवत उपटलं की मुळांबरोबर वाळू येते. वॉम्बॅटने यावर जबरदस्त उपाय काढलाय, त्याचे सगळेच्या सगळे 24 दात आयुष्यभर वाढत राहतात, नुसते पुढचे नाही, दाढासुद्धा, आणि त्यांना मुळंच नसतात. मार्सुपियलांमध्ये असं करणारा तो एकटाच. आणि आता डुगाँगच्या तोंडात बघा, तिथे मागच्या दाढा खुंट्यांसारख्या, त्यांच्यावर इनॅमल नाही, आणि त्यातल्या शेवटच्या दोन जोड्या आयुष्यभर वाढत राहतात! चावण्याचं बरंचसं काम टाळूवरच्या आणि जबड्यावरच्या कडक खरबरीत गाद्या करतात तो भाग वेगळा. गंमत म्हणजे डुगाँगचा जवळचा नातेवाईक मॅनाटी, त्याने तिसराच मार्ग काढलाय, त्याच्या जुन्या दाढा पुढे सरकत सरकत पडून जातात आणि मागून नवीन येत राहतात. म्हणजे दातांच्या बाबतीत डुगाँग स्वतःच्या भावापेक्षा वॉम्बॅटच्या जवळ गेलंय. हा मुद्दा प्रोजेक्टमध्ये ठळक अक्षरात टाका, बाई खूष होतील.

तिसरी गोष्ट, आणि मला स्वतःला हीच सगळ्यात आवडते. एवढं करूनही गवतातून हाती पडतं थोडंच, मग दोघांनी खर्चच कमी करून टाकलाय. दोघांचाही चयापचय त्यांच्या वजनाच्या मानाने मंद. मार्सुपियल मुळातच कमी खर्चात जगतात, त्यातही वॉम्बॅट आणखी खालच्या पायरीवर, रात्री काही तास चरायचं आणि बाकी दिवस बिळात पडून राहायचं. डुगाँगही सावकाश पोहतं, सावकाश चरतं, दर काही मिनिटांनी नाक वर काढून श्वास घेतं आणि परत खाली. पण अंगात उष्णता कमी तयार होते म्हटल्यावर हवामानाचा प्रश्न येतोच, आणि इथे दोघांच्या वाटा बरोबर उलट्या जातात. डुगाँगला गार पाणी सोसत नाही, साधारण 18 अंशांच्या खाली गेलं की त्याचे हाल सुरू. तुमच्या दारातलंच उदाहरण आहे, मोर्टन बेमधले डुगाँग हिवाळ्यात नॉर्थ स्ट्रॅडब्रोक आणि मोर्टन या दोन बेटांच्या मधल्या खिंडीतून बाहेर मोकळ्या समुद्रात जातात कारण तिथलं पाणी जरा कोमट असतं, आणि चरायला परत भरतीबरोबर आत येतात. वॉम्बॅटला उलट उकाडा सोसत नाही, म्हणून ते बीळ. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी आत गारवा आणि ओल टिकून राहते, आणि थंडीच्या दिवसांत हाच प्राणी दुपारी बाहेर येऊन मस्त ऊन खात पडलेला दिसतो.

फरकाच्या रकान्यात एक आकडा मात्र नक्की टाका. पूर्ण वाढलेलं डुगाँग 400 किलोपर्यंत जातं, म्हणजे चांगली धष्टपुष्ट म्हैस. वॉम्बॅट 20 ते 35 किलो. आणि नुकतं जन्मलेलं डुगाँगचं पिल्लू? मीटरभर किंवा थोडं जास्त लांब आणि साधारण 30 किलो. म्हणजे त्यांचं पहिल्या दिवसाचं बाळ आणि यांचा अख्खा म्हातारा बाप्या शेजारी शेजारी तराजूत घातले तर काटा मध्ये राहील.

प्रश्न : मार्सुपियल म्हणजे पोटाला पिशवी असलेले, एवढं माहीत आहे. पण पिल्लू तर दोघांचंही आईच्या पोटातूनच येतं, अंडं कोणीच घालत नाही. मग एवढा वेगळा गट कशाला करायचा?
— बारावी सायन्सचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : कारण पिशवी हा नुसता वरवरचा भाग आहे रे, खरा फरक आहे पिल्लू कुठे वाढवायचं याचा. मार्सुपियल आणि आपल्यासारखे नाळवाले सस्तन प्राणी, यांच्या वाटा साधारण 16 कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तेव्हा डायनासोर जोरात होते. डुगाँग आपल्या बाजूचं, वॉम्बॅट पलीकडच्या.

डुगाँगच्या मादीच्या गर्भाशयात पिल्लू 13-14 महिने असतं. बाहेर येतं ते तयार होऊनच येतं, लगेच वर जाऊन श्वास घेतं, आईला चिकटून पोहतं. दूध पितं ते आईच्या पुढच्या वल्ह्यांच्या काखेत, प्रत्येक बाजूला एक सड. काही आठवड्यांतच गवतही चाखायला लागतं, पण दूध सुटायला दीड वर्ष लागू शकतं.

वॉम्बॅटच्या मादीचं गर्भारपण साधारण महिनाभराचं. महिन्यात काय तयार होणार? जन्मतं ते पिल्लू जेमतेम एखाद्या ग्रॅमचं, गुलाबी, डोळे नाहीत, कान नाहीत, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पण पुढचे हात मात्र मजबूत, कारण त्याला स्वतःच सरपटत पिशवीत जायचं असतं. आत जाऊन ते सडाला लागतं, सड त्याच्या तोंडात फुगतो आणि मग ते तिथेच अडकून महिनोनमहिने वाढतं. सहा ते दहा महिन्यांनी पिशवीतून बाहेर, त्यानंतरही आईच्या मागे मागे. म्हणजे महिनोनमहिन्यांचं जे काम डुगाँगची आई आत करते तेच वॉम्बॅटची आई बाहेर करते, आणि करते ते दुधावर. हे दूधही वयाप्रमाणे बदलत जातं.

आणि पिशवीचं तोंड! कांगारूच्या पिशवीचं तोंड वर, डोक्याच्या दिशेने, हे आपण चित्रात पाहिलेलंच असतं. वॉम्बॅटची पिशवी उलटी, तोंड मागच्या बाजूला. पुढच्या पंजांनी माती उकरून मागे फेकत जाणारा प्राणी, त्याची पिशवी पुढे उघडी असती तर पिल्लू मातीने गाडलं गेलं असतं. त्यामुळे मोठं झालेलं पिल्लू आईच्या मागच्या दोन पायांमधून तोंड बाहेर काढून जगाकडे बघतं, फोटो शोध आणि बघ, हसू येतंच.

बाकी संख्येच्या बाबतीत दोघं कंजूष, एका वेळेला एकच. त्यात डुगाँग फारच. वॉम्बॅट दोनेक वर्षांचा झाला की वयात येतो. डुगाँगच्या मादीला पहिलं पिल्लू व्हायला निदान सहा-सात वर्षं, कधी कधी सतरासुद्धा, आणि दोन पिल्लांमध्ये तीन ते सात वर्षांचं अंतर. ती 70 वर्षं जगते म्हणून निभतं. एखाद्या खाडीतल्या काही माद्या जाळ्यात गेल्या तर भरून यायला किती काळ लागेल ते तूच मांडून बघ, तुमचं पॉप्युलेशनचं चॅप्टर आहेच.

प्रश्न : नातवाने व्हॉट्सॅपवर पाठवलंय की वॉम्बॅटची विष्ठा चौकोनी ठोकळ्यांसारखी असते. मी त्याला म्हटलं काहीही काय फॉरवर्ड करतोस. खरं काय ते सांगा, पैज लागलीय.
— एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, पैशाचं पाकीट काढा. नातू बरोबर आहे.

खरंच ठोकळे असतात, सहा बाजू, कोपरे, सगळं. एका रात्रीत शंभराच्या घरात टाकू शकतो. आणि ते कुठेही नाही हां, दगडावर, ओंडक्यावर, जरा उंचवट्यावर, कारण वॉम्बॅट नजरेपेक्षा वासावर जास्त चालतो आणि हे म्हणजे त्याचं 'इथे मी राहतो' असं पत्र. गोल असतं तर दगडावरून घरंगळलं असतं असं बरेच जण सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण ठोकळा बनतो कशामुळे हा प्रश्न त्याने सुटत नाही.

पुष्कळ वर्षं लोकांचा समज होता की त्याचं गुदद्वारच चौकोनी असणार. तसं काही नाही, ते गोलच आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू यांनी टास्मानियातल्या सहकाऱ्यांकडून, गाडीखाली सापडून मेलेल्या वॉम्बॅटची आतडी मिळवली, त्यात लांबट फुगा घालून तो फुगवला आणि आतडं कुठे किती ताणतं ते मोजलं. तर लक्षात आलं की आतड्याच्या शेवटच्या भागात भिंत सगळीकडून सारखी ताणत नाही, काही पट्टे ताठ आहेत काही सैल. ताठ भाग पटकन आवळला जातो, सैल भाग मागे रेंगाळतो, आणि हे दिवसेंदिवस पुन्हा पुन्हा झालं की आतल्या कोरड्या पडत चाललेल्या मालाला कोपरे येतात. 2018 साली त्यांनी हे पहिल्यांदा मांडलं आणि 2019 चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल त्यांच्या टीमला मिळालं. ते आधी हसवतं मग विचार करायला लावतं अशा संशोधनाला देतात. हू साहेबांचं हे दुसरं इग नोबेल, पहिलं 2015 चं, सस्तन प्राण्यांना लघवीला किती सेकंद लागतात यावर. घरी जेवताना काय बोलत असतील कोण जाणे.

माल जितका कोरडा तितके कोपरे ठसठशीत. आणि कोरडा का, तर आधी सांगितलं तेच, पाण्याचा शेवटचा थेंबही आतडं सोडत नाही. डुगाँगची विष्ठा चौकोनी वगैरे काही नसते. पण तिच्यातही एक खजिना असतो, तो पुढच्या उत्तरात.

प्रश्न : वॉम्बॅट जमीन खणतो म्हणून तो उपयोगी असं वाचलं. डुगाँग बिचारं नुसतं चरतं. निसर्गात त्याचा काय उपयोग?
— एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : मॅडम, 'नुसतं' हा शब्द डुगाँगला लागू होत नाही, तेही खणतं! फक्त तोंडाने. त्याचं वरचं थुलथुलीत मुस्कट खाली वळलेलं असतं, त्यावर राठ केस, ते वाळूत खुपसून पुढे सरकत जातं आणि गवत मुळासकट उपटतं. ओहोटीच्या वेळी वरून बघितलं तर हिरव्या गवतात नागमोडी उघडे पट्टे दिसतात, नांगराचं तास ओढल्यासारखे. हे समुद्री गवत म्हणजे शेवाळ नाही बरं का, खरीखुरी फुलं-बिया येणारी वनस्पती आहे, मुळं असलेली. मोठं डुगाँग दिवसाला 30-40 किलो फस्त करतं. म्हणजे कुरण संपणार? उलट. एका ठिकाणी कळपाने वारंवार चरत राहिलं की तिथे जून, तंतुमय जातींऐवजी कोवळ्या, पटकन वाढणाऱ्या, जास्त पौष्टिक जाती येतात. डुगाँग स्वतःचं शेत स्वतःच कसतं म्हणायला हरकत नाही. आणि तो खजिना म्हणजे बिया, क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर डुगाँगच्या विष्ठेत समुद्री गवताच्या उगवू शकणाऱ्या बिया सापडल्यात, म्हणजे इथे खाल्लं आणि कित्येक किलोमीटर पलीकडे पेरलं.

यातही एक बारकावा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये डुगाँग दोन पद्धतींनी चरताना दिसतात, एक ही खणण्याची आणि दुसरी नुसते शेंडे खुडण्याची. खणताना तोंड वाळूत, गाळ उडालेला, आजूबाजूचं काही दिसत नाही. त्यामुळे टायगर शार्कचा सुळसुळाट असतो त्या दिवसांत डुगाँग खणणं कमी करतात. मुळं जास्त पौष्टिक असूनही सोडून देतात. जिवावर बेतण्यापेक्षा शेंडे बरे.

वॉम्बॅटचं खणणं जास्त दिसतं, कारण तो माणसाच्या शेतातही खणतो आणि कुंपणाला भोकं पाडतो म्हणून शेतकरी वैतागतात. एका बिळाचे बोगदे 30 मीटरपर्यंत जातात, तोंडं अनेक. माती खालवर होते, पाणी मुरतं. आणि रिकाम्या बिळात दुसरे प्राणी येऊन राहतात, काटेरी अंगाचा एचिडना, वॉलबी म्हणजे छोटे कांगारू, सरडे, पक्षीसुद्धा.

यावरून आठवलं, 2019-20 च्या ऑस्ट्रेलियातल्या भयंकर वणव्यात 'वॉम्बॅट इतर प्राण्यांना हाकत आपल्या बिळात नेऊन वाचवतायत' असं जे फिरत होतं ते खोटं. वॉम्बॅटला कोणाची पडलेली नसते, तो एकलकोंडा प्राणी आहे. पण बिळांनी जीव वाचवले हे खरं असू शकतं, नंतर जळालेल्या जंगलात कॅमेरे लावून बघितलं तेव्हा बिळांच्या आसपास इतर प्राण्यांची वर्दळ जास्त दिसली. म्हणजे घरमालक उदार नव्हता, घराचं दार उघडं होतं एवढंच.

प्रश्न : दोघांची मारामारी झाली तर कोण जिंकेल?
— इयत्ता चौथी, पुणे

उत्तर : अरे बाळा, भेटणार कुठे ते? एक किनाऱ्यावर येऊ शकत नाही, दुसरा समुद्रात जात नाही. पण तुझ्यासाठी सांगते, डुगाँगच्या नराला दोन छोटे सुळे असतात आणि मादीसाठी भांडताना ते एकमेकांच्या पाठीवर ओरखडे काढतात. वॉम्बॅट चावतो, लाथा मारतो, छोट्या अंतरात ताशी 40 किलोमीटरने पळतो, आणि शेवटी बिळात डोकं घालून ढुंगणाने दार बंद करतो. तिथे जाड कातडी आणि कुर्चा असते, कुत्र्याने चावलं तरी फारसं बिघडत नाही. मॅच ड्रॉ.

प्रश्न : डुगाँग व्हेलसारखं दिसतं आणि वॉम्बॅट अस्वलासारखा. मग हे त्यांचेच नातेवाईक ना?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : दोन्हीही नाही. डुगाँगचे जमिनीवरचे सगळ्यात जवळचे पाहुणे म्हणजे हत्ती! पुढच्या पायांपाशी असलेले सड, सुळे, ही सगळी घराण्याची लक्षणं. शेपूट मात्र व्हेलसारखी दुभंगलेली, ती पाण्यात राहून राहून दोन्हीकडे स्वतंत्रपणे आलेली. एक गोष्ट व्हेलपेक्षा अगदी वेगळी, डुगाँगची हाडं भरीव आणि जड असतात, उथळ पाण्यात तळाशी राहायचं तर अंगात वजन हवं, नाहीतर एवढ्या गॅस भरलेल्या आतड्यासकट ते वरच तरंगत राहिलं असतं. वॉम्बॅटचा सख्खा म्हणावा असा नातेवाईक कोआला. तो झाडावर बसून निलगिरीची पानं खातो तरी त्याच्याही पिशवीचं तोंड वर नाही, खालीच आहे.

दोन्ही घराण्यांत पूर्वी राक्षसी आकाराचे पूर्वज-चुलते होऊन गेले. वॉम्बॅटकडे डायप्रोटोडॉन, आजवरचा सगळ्यात मोठा मार्सुपियल, अडीच टनांच्या पुढे, तो गेल्याला 40 हजार वर्षं तरी झाली. डुगाँगकडची गोष्ट जास्त जिव्हारी लागते कारण ती अगदी अलीकडची आहे. बेरिंग नावाच्या दर्यावर्दीच्या मोहिमेवरच्या श्टेलर नावाच्या निसर्गअभ्यासकाने 1741 साली उत्तर पॅसिफिकमधल्या बेटापाशी एक अवाढव्य समुद्रगाय पाहिली, कित्येक टनांची, थंड पाण्यात समुद्री शेवाळ खाणारी. मांस चविष्ट, प्राणी गरीब, पळता येईना. फरसाठी तिकडे जाणाऱ्या शिकाऱ्यांनी 1768 पर्यंत संपवली. सत्तावीस वर्षं, बस.

प्रश्न : दोघांपैकी जास्त धोक्यात कोण? आणि आपल्याकडे भारतात यातलं काही बघायला मिळतं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वॉम्बॅटच्या तीन जाती आहेत त्यामुळे एका शब्दात सांगता येत नाही. साधा, उघड्या नाकाचा वॉम्बॅट अजून बऱ्यापैकी आहे. पण उत्तरेकडचा केसाळ नाकाचा वॉम्बॅट 1980 च्या दशकात जवळजवळ गेलाच होता, क्वीन्सलँडमधल्या एपिंग फॉरेस्टमध्ये जेमतेम 35 उरले होते. गुरांनी गवत संपवलेलं, वर दुष्काळ. मग तिथून गुरं काढली. पुढे डिंगो कुत्र्यांनी काही मारले तेव्हा 2002 मध्ये सगळ्या भागाला 20 किलोमीटरचं कुंपण घातलं, 2009 पासून सेंट जॉर्जजवळ दुसरी वसाहत केली, आणि आता संख्या काही शेंच्या घरात गेलीय. साध्या वॉम्बॅटला मात्र खरूज फार छळते, माणसाला होते तीच, त्याच किड्याने. केस गळतात, कातडी जाड होऊन तडकते, डोळे-कान बंद होतात आणि प्राणी हळूहळू मरतो. यावर तिथल्या स्वयंसेवकांनी केलेला जुगाड बघण्यासारखा आहे : बिळाच्या तोंडाशी एक हलकं लोंबतं झाकण लावतात, त्यावर छोट्या वाटीत औषध, वॉम्बॅट झाकण ढकलून बाहेर आला की वाटी कलंडते आणि औषध थेट पाठीवर. पकडायची गरज नाही, चावून घ्यायची गरज नाही.

डुगाँगला कुंपण घालता येत नाही हीच अडचण. त्याचं सगळं समुद्री गवतावर, आणि गवताचं सगळं स्वच्छ पाणी आणि उजेडावर. 1992 साली क्वीन्सलँडच्याच हर्वी बेमध्ये तीन आठवड्यांत दोन पूर आणि एक चक्रीवादळ आलं, गाळाने उजेड अडला आणि 1,000 चौरस किलोमीटरहून जास्त कुरण मेलं. डुगाँग कोणी मारले नाहीत, उपासमारीने गेले, काही शेकडो किलोमीटर लांब खंगलेल्या अवस्थेत सापडले. याशिवाय मासेमारीची जाळी आणि वेगवान बोटी. जगात सगळ्यात जास्त डुगाँग ऑस्ट्रेलियात आहेत तरी तिथेही हे चालूच असतं.

आणि हो, भारतात डुगाँग आहे. मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचं आखात आणि अंदमान-निकोबार. अंदमानचा तर तो राज्यप्राणी. पण सगळे मिळून काही शेच असतील. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर 2022 मध्ये पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटरचं डुगाँगसाठी राखीव क्षेत्र जाहीर केलं, देशातलं पहिलं. तिथले मच्छीमार जाळं कापून त्यात अडकलेलं डुगाँग सोडतात तेव्हा वनखातं त्यांना बक्षीस देतं. माझ्या मते ही सगळ्यात शहाणपणाची योजना आहे, कारण समुद्रात त्या क्षणी डुगाँगजवळ मच्छीमारच असतो, दुसरं कोणी नसतं. कोकण किनाऱ्यावर समुद्री गवताची तशी मोठी कुरणं नाहीत, त्यामुळे गणपतीपुळ्याला जाऊन दिसेल अशी आशा ठेवू नका. अंदमानला गेलात तरी नशिबावर आहे, गढूळ पाण्यात राखाडी पाठ क्षणभर वर येते आणि गेली.

वॉम्बॅटसाठी मात्र ऑस्ट्रेलियाच गाठावं लागेल. ब्रिस्बेनच्या ताई, तुमच्या आसपास जंगलात तो सहज दिसणार नाही, क्वीन्सलँडमध्ये साधा वॉम्बॅट फक्त दक्षिण टोकाला ग्रॅनाइटच्या टेकड्यांत आहे. टास्मानियाला कधी गेलात तर क्रेडल माउंटन आणि मारिया आयलंड, तिथे संध्याकाळी पायाशी येऊन चरतात. मारिया आयलंडवर पर्यटकांना वॉम्बॅटबद्दल चक्क एक प्रतिज्ञा घ्यायला सांगतात, त्यात एक कलम असं आहे की सेल्फी स्टिक घेऊन मी तुझ्या मागे लागणार नाही. पोराला ती पाठ करायला लावा, आणि तुम्हीही करा.